अवधाण

मामांच्या चड्ड्या गोठ्यात वाळत घातलेल्या मला दिसल्या, त्या दिवाळीच्या पाडव्याला. दावणीच्या वर, कडब्याच्या आडोशाला एक सुतळी बांधलेली आणि तिच्यावर दोन पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या. बाहेर अंगणात लख्ख ऊन होतं आणि तिथली दोरी रिकामी होती. मी काही विचारलं नाही. संध्याकाळी मामीच म्हणाली, ‘‘तुझे मामा हल्ली आपले कपडे आपणच धुतात. पहाटे चारला उठून आंघोळ करतात, घर उठायच्या आत. मला वाटलं, वय झालं, देवधर्माला लागले.’’

त्या आठवड्यात रात्रीची वीज होती. जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, ‘‘बापू, चल मळ्यात, दारं धरायला.’’ त्यांची दोन मुलं घरात असताना मला का नेतात, हे मला कळेना. मोटार सुरू करून ते पाटाकडे गेलेच नाहीत. बांधावर बसले. पाणी कांद्याच्या वाफ्यांतून वाट फुटेल तिकडं जात होतं आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. मामांच्या शेतात असं कधी झालं नव्हतं.

‘‘तुला म्हणून सांगतो,’’ ते म्हणाले. ‘‘पोरांना नाही सांगितलं. लघवीच्या जागेला जखम आहे. वर्ष होऊन गेलं.’’

मग त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. पुढची कातडी घट्ट आवळलेली होती आणि एका अंगानं ती आतून फोडून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं खरबरीत काहीतरी वर आलं होतं. कडेला ओलं, पिवळसर. कापराचा आणि खोबरेल तेलाचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, जो कापरानं झाकला जात नव्हता. पहाटे चारच्या आंघोळी त्या वासासाठी होत्या.

‘‘दुखतं का?’’ मी विचारलं.

‘‘दुखत नाही. तेच तर. दुखलं असतं तर गेलो असतो की दवाखान्यात.’’

हे वाक्य मी पुढे अनेकदा आठवलं. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि हा आजार सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. मामांना आधी खाज सुटायची. मग कातडीखालून पांढरट, वास येणारा स्राव यायला लागला. मग कातडीच्या वरून बोटाला आत हरभऱ्याएवढं काहीतरी कडक लागायला लागलं. कधी लघवीनंतर रक्ताचा एखादा ठिपका. या सगळ्याला वर्ष गेलं, आणि त्या वर्षात मामा गप्प बसलेले नव्हते, हे मला आवर्जून लिहायचं आहे. आपण नेहमी म्हणतो, गावातली माणसं अंगावर काढतात. मामांनी अंगावर काढलं नव्हतं. ते तीन ठिकाणी गेले होते. मेडिकलमध्ये गेले, काउंटरवर बाया उभ्या होत्या म्हणून ‘जांघेत खाजतंय’ एवढंच म्हणाले आणि गजकर्णाचं मलम घेऊन आले. ते चार महिने लावलं. मग तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लक्षण ऐकलं, ‘परमा असेल’ म्हणून आठ-आठ दिवसांनी तीन इंजेक्शनं दिली. शेवटी एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग’ असं रंगवलेला फोन नंबर लावला आणि चार हजारांच्या पुड्या आणल्या. तिघांपैकी एकानंही ‘चड्डी काढा, बघू’ असं म्हटलं नव्हतं. मामांच्या आजाराचं वर्ष वाया गेलं ते या न म्हटलेल्या तीन शब्दांपायी.

मी मराठी शिकवतो. पंचवीस वर्षं फळ्यावर लिंग, वचन, विभक्ती लिहितो आहे. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग हे शब्द सातवीच्या मुलामुलींसमोर उच्चारताना जीभ कधी अडखळली नाही. श्रावणात शिवलिंगावर बेल वाहतो. पण दुसऱ्या दिवशी बार्शीला जायच्या एसटीत मामा कानाशी येऊन ‘तिथं डॉक्टरला काय सांगायचं?’ असं विचारायला लागले तेव्हा मला शब्द सापडेना. शिश्न म्हणावं तर मामांना कळणार नाही. लिंग म्हणावं तर ते मान खाली घालणार. रोजच्या बोलण्यात जो शब्द आहे तो शिवी म्हणूनच वापरायचा अशी आपली रीत. पोरांना शिकवायचा एक लाडका बोबडा शब्द असतो, तो साठीच्या माणसानं डॉक्टरपुढे कसा काढावा? र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत चालवलं, ते शरीराबद्दल सरळ मराठीत बोलता यावं म्हणूनच ना? कोर्टाच्या पायऱ्या चढले ते त्यासाठी. आणि मी, त्याच भाषेचा मास्तर, ‘लघवीची जागा म्हणा, मामा’ एवढंच म्हणू शकलो.

डॉक्टरांना कुठलाच शब्द लागला नाही. तरुण होते. पडदा ओढला, हातमोजे घातले, ‘काका, कपडे काढून झोपा’ म्हणाले. आधी जखम पाहिली, मग दोन्ही जांघांत बोटांनी बराच वेळ चाचपत राहिले. उजवीकडे त्यांची बोटं एका जागी थांबली. मग ‘तुकडा काढून तपासायला पाठवू’ म्हणाले. तुकडा काढणे हा शब्द तिथल्या बाकावर बसलेला प्रत्येक जण वापरत होता. बायोप्सी म्हटलं तर माणूस दचकतो, तुकडा म्हटलं की सोसतं.

आठवड्यानं रिपोर्ट आला. शिश्नाचा कर्करोग. कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींपासून होणारा, या जागेच्या कर्करोगांपैकी साधारण पंच्याण्णव टक्के याच जातीचे असतात. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामांनी जे विचारलं ते ‘मी वाचेन का’ असं नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘‘डॉक्टर, मी कधी बाहेर गेलो नाही. मग मला हे कसं झालं?’’

म्हणजे वर्षभर ते हाच हिशोब करत होते. जखमेला कोणी बघितलं तर माणूस बाहेरख्याली ठरणार, मामीच्या मनात किंतू येणार, पोरांच्या सोयरिकीपर्यंत गोष्ट जाणार. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी विचारलं, ‘‘काका, ही पुढची कातडी मागे जायची का? लग्नात? तरुणपणी?’’ मामा म्हणाले, ‘‘पूर्ण कधीच नाही गेली. मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं.’’

तिथं खरी गोष्ट होती. कातडी मागे जात नसेल तर तिच्याखाली साचणारा मळ धुतला जात नाही. वर्षानुवर्षं तिथं सूज, जळजळ, बारीक चिरा, पुन्हा सूज असं चालू राहतं आणि त्या सततच्या दाहातून पेशी वाट सोडतात. त्यात तंबाखूची भर पडते. तंबाखूतली विषं फक्त तोंडात आणि फुप्फुसात थांबत नाहीत. मामांच्या बंडीच्या खिशात चुन्याची डबी चाळीस वर्षं होती. तिसरं कारण म्हणजे एचपीव्ही हा विषाणू, विशेषतः त्याचा सोळा नंबरचा प्रकार. या कर्करोगाच्या साधारण निम्म्या रोग्यांत तो सापडतो. तो शरीरसंबंधातून येतो हे खरं, पण इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो आणि बहुतेकांचं शरीर तो आपोआप घालवून टाकतं. त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा दाखला काढता येत नाही. कातडी पांढुरकी, कडक करून आवळत नेणारा एक त्वचारोग असतो, तोही पुढे या वाटेला जाऊ शकतो. ज्या समाजांत बाळपणी सुंता होते तिथं हा कर्करोग अगदी क्वचित दिसतो. पण म्हणून सरसकट सगळ्यांनी सुंता करा असं डॉक्टर म्हणाले नाहीत. कातडी मागे जायला हवी आणि जागा धुतली जायला हवी, म्हणाले, त्यातलं बरंचसं काम पाणी करतं.

मला त्या रात्री झोप आली नाही ती ‘मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं’ या वाक्यानं. खरंच, पुरुषाला हे कोण सांगतं? तान्हेपणी आजी पाटावर पाय पसरून बसते, बाळाला पायांवर घेते, तेल चोळते, कढत पाणी ओतते, एकही घडी, एकही बेचकं सोडत नाही. मुलगा चार-पाच वर्षांचा झाला की ‘आता तुझी तू कर आंघोळ’. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्याच्या त्या भागाबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. आई मुलीला पाळीबद्दल, चोरून का होईना, काहीतरी सांगते. बाप मुलाला काय सांगतो? नांगर कसा धरायचा, गाडी रिव्हर्स कशी घ्यायची, सावकाराशी कसं बोलायचं. कातडी मागे घेऊन साध्या पाण्यानं रोज धू, हे सांगायला लागतात पाच सेकंद, आणि ती पाच सेकंदं आमच्या घराण्यात कोणाला मिळाली नाहीत. मामांच्या वडिलांना नाही, मामांना नाही, मलाही नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण हे वाचून कोणी घाईनं पोरांच्या मागे लागेल. लहान मुलांची कातडी आतून चिकटलेली असते, ती निसर्गतःच मागे जात नाही, आणि काही वर्षांत आपली आपण सुटते. ती ओढायची नसते. ओढली तर चिरा पडतात, व्रण धरतो आणि नसलेला आजार आपण तयार करतो. वयात आल्यावरही कातडी मागे जात नसेल, लघवी करताना ती फुग्यासारखी फुगत असेल, किंवा इतकी वर्षं नीट असलेली कातडी चाळिशी-पन्नाशीत अचानक आवळायला, फुटायला लागली असेल तर दाखवायचं. या शेवटच्या प्रकारात डॉक्टर आधी रक्तातली साखर तपासतात, कारण मधुमेह कधी कधी पहिल्यांदा तिथंच तोंड दाखवतो. आणि हा काही आजचा पाश्चात्त्य शोध नव्हे. सुश्रुतानं आवळलेल्या कातडीला ‘निरुद्धप्रकश’ असं नाव दिलं आहे आणि तूप लावलेल्या नळीनं वाट मोकळी करायचा उपाय लिहून ठेवला आहे. इतक्या जुन्या काळच्या वैद्याला बोलता येत होतं.

आता त्या उजव्या जांघेबद्दल.

आमच्याकडे पायाला काटा मोडला, पिकला, की जांघेत गाठ येते. तिला अवधाण म्हणतात. ‘अवधाण आलंय’ म्हटलं की आजी पायाचा तळवा उलटा करून बघायची, गाठीकडे ढुंकूनही बघायची नाही. तिला माहीत होतं, गाठ वर असली तरी मूळ खाली आहे. अवधान म्हणजे लक्ष, आणि अवधाण म्हणजे ही गाठ. न आणि ण यांचा फरक मी वर्गात नेहमी शिकवतो, पण हे दोन शब्द मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. शरीर सांगतं, लक्ष दे, खाली काहीतरी आहे.

या कर्करोगात सगळा जीव या जांघेतल्या गाठींवर असतो. जखम किती मोठी, किती भयंकर दिसते, याच्यापेक्षा रोग गाठींत पोचला की नाही यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं. तो साधारण पायरी-पायरीनं जातो. आधी जांघेतल्या गाठी, मग ओटीपोटातल्या, मग पुढे. एकदम उडी सहसा मारत नाही. म्हणून पहिल्या पायरीवर पकडता येतो. गाठींपर्यंत पोचला नसेल तर पाच वर्षांनी दहातले आठ-नऊ जण चांगले असतात. ओटीपोटात पोचला तर हे प्रमाण फार खाली येतं. आणि जांघेत गाठ लागली म्हणजे कर्करोग पोचलाच असंही नाही, जखमेतल्या जंतूंमुळेही गाठ सुजते, काट्याच्या अवधाणासारखीच. पूर्वी अशा वेळी महिनाभर अँटिबायोटिक देऊन वाट बघायचे. मामांच्या बाबतीत डॉक्टरांनी वाट बघितली नाही, त्याच दिवशी गाठीत सुई घालून पाणी तपासायला पाठवलं.

डावीकडे हाताला काहीच लागत नव्हतं, तरी तिथलीही तपासणी करायची ठरली. मी कारण विचारलं. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे पेनानं एक रेघ ओढली, तिच्या टोकाला एक गोळा, त्याच्यापुढे आणखी चार. ‘‘हा पहिला गोळा म्हणजे पहारेकरी. जखमेकडून येणारं सगळं पाणी आधी याच्याकडे येतं. हा स्वच्छ असेल तर मागचे स्वच्छ असतात.’’ घरी आल्यावर मी याबद्दल शोधून वाचलं. पॅराग्वेचे शल्यचिकित्सक रामोन काबान्यास यांनी १९७७ साली या पहारेकरी गाठीची कल्पना मांडली, आणि ती मांडली ती शिश्नाच्या कर्करोगाच्या रोग्यांवरून. पुढे ती स्तनाच्या कर्करोगात गेली. आज कितीतरी बायकांच्या काखेतल्या सगळ्याच्या सगळ्या गाठी काढाव्या लागत नाहीत, हात सुजत नाही, याचं कारण ही पहारेकरी गाठ. ज्या रोगाचं नावही आपण घेत नाही त्या रोगाच्या माणसांकडून हे ज्ञान आलं आहे. मला हे वाचून फार भरून आलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मामांनी डॉक्टरांना विचारलं, ‘‘किती काढणार?’’ वॉर्डात पाच खाटा होत्या, आवाज एवढासा. डॉक्टरांनी बोट धरून दाखवलं. रोग अगदी वरवर असतो तेव्हा नुसतं मलम, लेसर किंवा फक्त कातडी काढूनही भागतं. काही जणांना आतून किरणांच्या सुया ठेवून शेक देतात आणि अवयव शाबूत राहतो. पूर्वी जखमेच्या मागे चांगली दोन सेंटिमीटर निरोगी जागा काढून टाकायचे, आता काही मिलिमीटर पुरतात असं दिसून आलं आहे, म्हणून जास्तीत जास्त भाग वाचवतात. मामांचं टोक आणि त्यामागचा थोडा भाग जाणार होता. मूळ राहणार होतं. मामा वर्षभरापूर्वी आले असते तर कदाचित कातडीवर भागलं असतं, हे डॉक्टर बोलले नाहीत. मला ते केसपेपरावरच्या तारखांवरून कळलं.

महात्मा फुले योजनेत कागद बसले, त्यामुळे पैशाची ओढाताण झाली नाही. ऑपरेशनचं फार सांगत नाही. नळी होती, दोन्ही जांघांतून पाणी काढणाऱ्या दोन बाटल्या होत्या. उजवी जांघ भरून यायला पाच आठवडे गेले. तिथली कातडी पातळ, कडा काळ्या पडतात, पाणी साचतं. हे होतं असं आधीच सांगितलेलं होतं, तरी पहिल्यांदा पट्टी उघडली तेव्हा मी भिंतीकडे बघत होतो. ड्रेसिंग करणारी सिस्टर मला म्हणाली, ‘‘दादा, इकडे बघा, घरी तुम्हालाच करायचंय.’’ मग मी बघितलं. स्वच्छ लाल मांस आणि मधोमध लघवीची नवी वाट, बारीक टाके घालून फुलासारखी उघडी ठेवलेली. दोन महिने मी दर शनिवारी गावी गेलो. मामांचा धाकटा मुलगा तिसऱ्या आठवड्यापासून शिकला. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते. बापाला असं कधी बघितलं नव्हतं त्यानं. मामांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, ‘‘कर रे. तुझं मी लहानपणी केलंच की.’’

रिपोर्टमध्ये उजवीकडच्या एकाच गाठीत रोग निघाला, तोही गाठीच्या वेष्टनाबाहेर न गेलेला. डावा पहारेकरी स्वच्छ. केमो लागली नाही. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी जाऊन दाखवायचं.

मामीचं मला वेगळं सांगायचं आहे. तिला सांगायचं काम माझ्यावर आलं होतं. मी चुलीपुढं बसून, तुटक तुटक, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती ती थापतच राहिली. मग म्हणाली, ‘‘एवढंच ना? मला का नाही सांगितलं? माझी पिशवी तपासायला गाडी आली होती तेव्हा मी गेलेच होते की, सगळ्या बायांबरोबर.’’

ती कुठल्या गाडीबद्दल बोलत होती ते मला नंतर उमगलं. आमच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक फार मोठी तपासणी झाली. तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातली आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधली माणसं त्यात होती. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगासमोर आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्हीच्या तपासणीनं, तपासणी न झालेल्या गटाच्या मानानं, या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर आज एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरला जातो त्यामागे आमच्या गावोगावच्या, सही न येणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या बायका आहेत. त्याच्याही आधी, १९८७ पासून बार्शी, भूम, परंडा या तालुक्यांत कर्करोगाची ग्रामीण नोंदणी सुरू झाली होती. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. तिची माणसं घरोघर जाऊन लक्षणं समजावून सांगायची, आणि नुसत्या त्या सांगण्यानं बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या, असं त्यांच्याच नोंदींत दिसलं. याच नोंदणीत आमच्या भागातल्या पुरुषांमध्ये शिश्नाचा कर्करोग शहरांपेक्षा जास्त दिसत आला. जगभरात २०२० साली या रोगाचे सुमारे छत्तीस हजार नवे रुग्ण झाले, असा अंदाज आहे. त्यांतले दहा हजारांवर एकट्या भारतातले.

म्हणजे बघा, विषाणू तोच, घर तेच. बायका शाळेच्या वर्गात रांगेनं बसल्या, लाजत, पदर तोंडाला लावून, पण बसल्या. एकमेकींना धीर दिला. आणि त्या वेळी आम्ही पुरुष पारावर बसलो होतो, ‘बायकांची गाडी आलीय’ म्हणत. त्या दिवशी कोणी पारावर येऊन दहा मिनिटं बोललं असतं तर? याला गाडी लागत नाही, मशीन लागत नाही. स्वतःची जागा स्वतःला दिसते, हाताला लागते. गर्भाशयाचं तोंड बाईला दिसत नाही, तरी तिनं ते तपासून घेतलं. आम्हाला रोज दिसतं आणि आम्ही दाखवत नाही. हे मला सलतं, आणि यासाठीच मी हे लिहायला बसलो.

मामीची डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करून घेतली. कर्करोग नवऱ्याकडून बायकोला लागत नाही, पण विषाणू लागू शकतो, म्हणून. ती ठीक निघाली. मामा-मामी एका खाटेवर बसून टीव्ही बघतात, पूर्वी बसत नव्हते. त्यापलीकडचं विचारायचा मला अधिकार नाही. डॉक्टरांनी मात्र दोघांना एकत्र बसवून सांगितलं होतं की मूळ शिल्लक आहे, संवेदना शिल्लक आहे, जवळीक संपलेली नाही. मामा खाली बघत होते, मामी डॉक्टरांकडे बघत होती.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. पुण्यात तयार होणारी एचपीव्हीची लस मुलांनाही देता येते, त्याला ती दिली. कशासाठी, हेही सांगितलं. ती पाच सेकंदं मी त्याला दिली. प्रत्यक्षात वीस मिनिटं लागली आणि त्यानं मला असे प्रश्न विचारले की मी डॉक्टर मित्राला फोन लावला.

मामांना आता दोन वर्षं झाली. उजवा पाय संध्याकाळी सुजतो, त्यासाठी घट्ट लांब मोजा घालतात. तंबाखू सुटली. लघवी उभ्यानं करता येते, पण धार फाकते, म्हणून ते बसतात. एकदा बांधाच्या कडेला बसून उठले आणि मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, ‘‘माझा बाप जन्मभर बसूनच करायचा. धोतरवाला माणूस उभ्यानं करतो होय? ही उभ्याची फॅशन आपल्याकडे प्यांटीनं आणली.’’

गेल्या उन्हाळ्यात मी तिथं असताना शेजारच्या वस्तीवरचा एक माणूस आला. पन्नाशीचा असेल. ओसरीवर बसला, पाऊसपाण्याचं बोलला, कांद्याच्या भावाचं बोलला, चहा झाला तरी उठेना. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, ‘‘अण्णा, तुमचं ते ऑपरेशन झालं होतं... म्हणजे नेमकं कशाचं...’’ आणि थांबला. मामांनी त्याच्याकडे बघितलं. मग उठले, त्याला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. दार लोटताना मला मामांचा आवाज ऐकू आला, ‘‘सांगू नको काही. आधी दाखव.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एसटीनं ते दोघं बार्शीला गेले. मला त्यांनी सोबत बोलावलं नाही.